मुळं फुटलेली अक्षरं

ब्लॅक मेटल या जहाल रॉक संगीतातल्या बँडचं नाव पोस्टरवर वाचता आलं नाही, तर चष्म्याला दोष देऊ नका. ते चटकन वाचता येऊ नये, अशीच त्याची घडण असते. बेल्जियमचे क्रिस्टोफ श्पायडेल यांनी अशी हजारो बोधचिन्हं रेखाटली. चाहते त्यांना ‘लॉर्ड ऑफ द लोगोज’ म्हणतात. शिक्षण वनशास्त्राचं. त्याचाच गुण असावा, त्यांच्या अक्षरांना मुळं नि फांद्या फुटतात, त्याही बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या. वळणांत आर्ट नूव्हो या कलाशैलीचा डौल. काम पेन्सिलीनं, शाईनं, हातानंच. नॉर्वेच्या ‘एम्परर’ बँडचं बोधचिन्ह त्यांचंच, आणि ते चक्क वाचता येतं! २०१६ मध्ये तर पॉप गायिका रिहानाच्या एका कार्यक्रमासाठीही त्यांनी याच काटेरी वळणात तिचं नाव काढून दिलं.