गृहरक्षण आणि अहिंसा



घरात शिरलेल्या चोराचा प्राण घेण्याचा अधिकार गृहस्थास असावा काय? आपल्यातील अनेकांचे दुकान खाली व घर वर. म्हणून हा प्रश्न आपणांस केवळ चर्चेपुरता नाही.

कायदा आपण समजतो तितका कठोर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ४१ जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, अथवा जिवाची रास्त भीती निर्माण करणारी चोरी अशा प्रसंगी प्राणघातक प्रतिकारासही मुभा देते. मात्र आवश्यकतेहून अधिक इजा नको, हे कलम ३७ बजावते. पळणाऱ्या वा बांधून ठेवलेल्या चोरास मारणे हे संरक्षण नव्हे, शिक्षा होय.

आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे भेद केले. संकल्पी हिंसा श्रावकास त्याज्य. स्वरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थास सर्वस्वी टळत नाही. कायद्याची रेषाही जवळपास तेथूनच जाते, हे नवल!

परंतु आपल्याच डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री काय घडले? टाळेबंदीचे दिवस, चोर व मुले पळविणारे फिरतात अशी अफवा. अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेल्या दोन साधूंना व त्यांच्या वाहनचालकास जमावाने पोलिसांदेखत ठार केले. तेथे कोणाचेही दार फुटले नव्हते. तलासरीवरून जाणाऱ्या महामार्गाने आपले साधू-साध्वीही पायी विहार करतात, अनोळखी गावांतून.

अधिकार असावा, परंतु उंबरठ्याच्या आत व त्या क्षणापुरताच, असे माझे मत आहे. रात्री गस्त घालणाऱ्या आपल्या तरुणांस विनंती, की संशयित दिसताच हात न उगारता ११२ क्रमांकावर कळवावे.