कमरेचा बाक सांभाळताना

काही वर्षांपूर्वी एक आजी मुलाचा हात धरून माझ्या दवाखान्यात आल्या. त्यांच्या कमरेचे दोन मणके जोडण्याची शस्त्रक्रिया मीच केली होती. पायात उतरणारी कळ थांबली होती. पण त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ओट्याशी उभी राहिले की मी पुढे झुकते. सरळ व्हायला गुडघे वाकवावे लागतात." एक्स-रेमध्ये स्क्रू हाडातच होते, मणके जुळलेही होते. मग चुकलं कुठे?

आपला कणा समोरून सरळ दिसतो, पण बाजूने पाहिला तर कमरेपाशी आत वळलेला असतो. या बाकामुळे डोकं खुब्यांच्या वर तोललेलं राहतं आणि उभं राहायला स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. कमरेत मणके पाच. पण बाकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे अगदी खाली असतो. आणि मणके जोडण्याची वेळ बहुधा इथेच येते.

या शस्त्रक्रियेत झिजलेली चकती काढून तिथे 'केज' म्हणजे एक छोटा पोकळ ठोकळा बसवतात आणि त्यात हाडाचे तुकडे भरतात. मागून स्क्रू घालून ते सळयांनी बांधतात. काही महिन्यांत दोन मणक्यांचं एक हाड होतं. केजच्या उंचीमुळे नस बाहेर पडण्याची वाट मोकळी होते. केज पुढच्या बाजूला बसली आणि मागून मणके जवळ आणले, तर बाक मिळतो. ती मागेच राहिली, सळई सरळच ठेवली, तर तो भाग सपाट होऊन तसाच कायम होतो.

स्क्रूचंही तसंच. तो हाडाच्या ज्या आखूड खांबातून जातो, त्याच्या आतल्या आणि खालच्या कडेला नस अगदी चिकटून असते. सगळ्यांत वरच्या स्क्रूचं डोकं वरच्या सांध्यावर टेकलं, तर तो चांगला सांधाही झिजू लागतो. जोडलेला भाग हलत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याची हालचाल शेजाऱ्याला करावी लागते, ती वेगळीच.

हा धडा नवा नाही. अमेरिकेतले डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी बाजूला वाकलेला कणा सरळ करणाऱ्या सळईची माहिती १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या सळईने अनेकांना आधार दिला. पण ती कमरेत खालपर्यंत नेलेल्या काही रुग्णांची पाठ सपाट झाली आणि पुढे त्यांनाही या आजींसारखंच झुकून उभं राहावं लागलं.

आजींवर दुसरी शस्त्रक्रिया करून बाक परत आणावा लागला. पहिल्या वेळी माझं सारं लक्ष दबलेल्या नसेकडे होतं, उभ्या राहणाऱ्या माणसाकडे नव्हतं. आता मी रुग्णाला उभं करून, बाजूने संपूर्ण कण्याचा एक्स-रे काढल्याशिवाय मणके जोडायला घेत नाही. प्रत्येक कंबरदुखीला ही शस्त्रक्रिया लागत नाही. पण तुम्हाला सांगितली गेलीच, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : "माझ्या कमरेचा बाक कसा राखणार?"