जुनें मत्स्यालय, नवें घर

जुनें कपाट विकत घेतलें, तर तें घरीं आणून धुवावें, पुसावें आणि वापरावयास काढावें. माशांसह घेतलेल्या जुन्या मत्स्यालयाच्या बाबतींत मात्र हीच टापटीप माशांच्या जिवावर बेतते. मुंबईच्या एखाद्या बिऱ्हाडांतील काचपेटी खोपोलीमार्गें रायगड जिल्ह्यांतील पालीस न्यावयाची आहे, असें समजूं. घेणारा पैसे मोजतो ते काचेचे आणि माशांचे. परंतु त्या सौद्यांतील सर्वांत मोलाची वस्तु डोळ्यांना दिसतच नाहीं.

ती वस्तु म्हणजे वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजांत वसलेले सूक्ष्म जंतु. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. कांहीं जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंही विषारीच. दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करतात, तें पुष्कळ सौम्य असतें. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० मध्यें सोनमासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा समतोल राखून दाखविला. परंतु या अदृश्य चाकरांचा छडा विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास लावला. त्यांची वस्ती नव्यानें वसावयास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यांत स्पंज धुतला, तर ती थोडक्या वेळांत उजाड होऊं शकते.

म्हणून स्पंज जुन्याच पाण्यांत बुडवून न्यावा. वाळू खळबळावयाची तर तीही त्याच पाण्यांत. मासे आदल्या दिवशीं उपाशी ठेवून झांकणाच्या बादल्यांतून, निम्म्या पाण्यांत, न्यावे. पेटी मात्र रिकामी करूनच उचलावी. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच अशा पेटींत सुमारें ५७ लिटर पाणी मावतें. म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन ५७ किलो. त्या भारानें सांधे उकलतात.

पालींत पोंचल्यावर मेज भक्कम व सपाट पाहावें. पाण्याचा स्वभाव जागोजाग बदलतो, हें पालीकरांस सांगावयास नको. गांवाशेजारून अंबा नदी वाहते आणि थोड्याच अंतरावर उन्हेरे येथें ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. माशांना तर दोन-चार अंशांचा एकाएकीं पडलेला फरकही बाधतो. नवें पाणी क्लोरीन घालवून, जुन्या पाण्याइतकेंच कोमट करून भरावें आणि बादलींत तें थोडथोडें मिसळीत अर्ध्या तासानें मासे सोडावे. पहिला आठवडा खाणें अगदीं बेताचें असावें. अमोनिया वाढलेला दिसल्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. सगळें कधींच नाहीं.

राहतां राहिला नकोशा माशांचा प्रश्न. विकणाऱ्यानें दिलेला एखादा मासा फार वाढतो किंवा इतरांस छळतो. त्यास अंबेंत सोडणें हें पुण्य वाटतें. पण तें पुण्य नव्हे. घरगुती पेट्यांतून सुटलेला सकरमासा आज भारतांतील अनेक जलाशयांत पसरला असून स्थानिक माशांच्या वाट्याचें अन्न आणि जागा व्यापीत आहे. असा मासा दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्यास द्यावा. आपल्या पेटींतील जीव जगविण्यासाठीं एवढी खटपट करणाऱ्यानें नदींतील जिवांचीही तितकीच चाड बाळगावयास हवी.