खासगी विमानाचा ताशी हिशेब
(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर उमटलेले हसू मी पाहिले. ज्यांच्या गावाला वेळेवर एस.टी. येत नाही, त्यांनी खासगी विमानाचा हिशेब कशासाठी करावा? गेल्या बैठकीत ट्रॅक्टर ज्याचा त्याने घ्यावा की सोसायटीने, यावर दोन तास वाद झाला आणि एकाही वक्त्याने आकडा उच्चारला नाही, म्हणून. मालकीची किंमत तासाच्या मापाने कशी मोजावी, हे छोट्या विमानाच्या बाबतीत जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. कारण विमान एकूण किती तास चालले याची नोंद ठेवणे तेथे कायद्यानेच बंधनकारक असते.

उदाहरण अमेरिकेतील घेऊ. विमान सेस्ना १७२ : एका इंजिनाचे, चार आसनांचे, १९५६ पासून बाजारात असलेले. ४४,००० हून अधिक तयार झाली. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान निघालेले नाही. आपला मालक कोट्यधीश नाही. तो एखादा दंतवैद्य किंवा गॅरेजवाला आहे आणि त्याने जुने विमान ८०,००० डॉलरला घेतले आहे, असे समजू. पुढचे दरही मी हिशेबापुरते धरलेले आहेत. स्थळकाळाप्रमाणे ते बदलतात, हिशेबाची रीत बदलत नाही.

विमान वर्षभर जागचे हलले नाही तरी काही खर्च होतोच. हँगरचे भाडे ३,६०० डॉलर, विमा १,८००, दर बारा महिन्यांनी करावीच लागणारी तपासणी २,५००, किरकोळ १,१००. शिवाय गुंतलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याज, म्हणजे ४,०००. एकूण १३,०००. आता उडण्याचा खर्च पाहा. तासाला सुमारे ३२ लिटर पेट्रोल लागते, त्याचे ५१ डॉलर, ऑइलचे ४, इतर दुरुस्तीचे १५. इंजिनाची पूर्ण फेरजुळणी साधारण २,००० तासांनी करावी, असे उत्पादक सांगतो. तिला ४०,००० लागणार असतील तर आजच्या प्रत्येक तासाने २० डॉलर बाजूला टाकले पाहिजेत. एकूण ९०.

मित्रांनी विचारले की मालक हा ९० चाच आकडा सांगतो. पुष्कळदा तर फक्त पेट्रोलाचा सांगतो! पण तो वर्षाला ५० तास उडत असेल, तर १३,००० ला ५० ने भागून येणारे २६० त्यात मिळवावे लागतात. खरा दर ३५० डॉलर. तोच १०० तास उडाला तर २२०, आणि २०० तास उडाला तर १५५. विमान तेच, आकाश तेच, पेट्रोलही तेवढेच. बदलला तो केवळ भाजक. (कोणता तास, हाही वादाचा मुद्दा आहे. एक मीटर घड्याळाप्रमाणे चालते, दुसरे इंजिनाच्या फेऱ्यांवर, आणि धावपट्टीकडे संथ जाताना दुसरे मागे पडते. भाडे देणारा बहुधा पहिले वाचतो, दुरुस्तीचा हिशेब बहुधा दुसऱ्यावर चालतो. तासाची व्याख्या कोण करतो, हे गिरणीतल्या कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.)

एक शंका संभवते. विमान कमी उडाले तर निदान झीज तरी वाचेल? वाचत नाही. उभ्या इंजिनात ओलावा साठतो, आतल्या भागांना गंज चढतो. म्हणून उत्पादकाने तासांबरोबर बारा वर्षांची मुदतही घालून दिली आहे. यंत्र वापराने झिजते तसेच बिनवापरानेही झिजते, हा भेद मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, यंत्रावरील प्रकरणात केला होता. हँगरमध्ये धूळ खाणारे विमान पाहिले की ते प्रकरण पुन्हा वाचावेसे वाटते.

आता पाच जणांनी मिळून तेच एक विमान घेतले असे धरा. प्रत्येकाला ५० तास, एकूण २५०. स्थिर खर्च तासाला ५२ वर येतो, दर १४२ डॉलर होतो. मालक वाढले म्हणून विम्याचा हप्ता दुप्पट झाला तरी आणखी सातच डॉलर वाढतात. पाच स्वतंत्र विमानांना वर्षाला ८७,५०० डॉलर लागले असते. येथे ३५,५०० लागतात, आणि कोणाचाही एक तास कमी होत नाही. अमेरिकेत अशी सामायिक मालकी आणि फ्लाइंग क्लब सर्रास आढळतात. त्यांच्या सभासदांना समाजवादी म्हटले तर ते रागावतील! आपल्याकडेही १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या विमानांवरच जे. आर. डी. टाटा जुहूला शिकले आणि १९२९ मध्ये देशातला पहिला परवाना त्यांनी मिळवला. टाटांच्या घरातल्या मुलालाही शिकण्यासाठी क्लबचेच विमान सोयीचे होते.

मालकाच्या वहीत न येणारा खर्चही आहे. लहान विमानतळांच्या मंजूर कामांना केंद्र सरकार साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत पैसा देते. तो ज्या निधीतून येतो त्यात मोठा वाटा सामान्य प्रवाशाच्या तिकिटावरील साडेसात टक्के कराचा आहे. आपला दंतवैद्य पेट्रोलवर जो केंद्रीय कर भरतो, तो तासाला पावणेदोन डॉलरही होत नाही. आणि विमान निम्म्याहून अधिक धंद्यासाठी वापरतो असे दाखवता आले, तर एरवी काही वर्षांत विभागून मिळणारी घसाऱ्याची वजावट पहिल्याच वर्षी पूर्ण घेता येते. २०१७ च्या कायद्याने आलेली ही सवलत २०२३ पासून ओसरत होती, ती २०२५ मध्ये कायम करण्यात आली. हौसेने उडणारा गॅरेजवाला मात्र सगळे आपल्या खिशातून भरतो. खासगी विमानवाले सगळे एकाच वर्गाचे, असे आपण समजू नये.

शिवाय या पेट्रोलात आजही शिसे असते. तेथील हवेत मिसळणाऱ्या शिशाचा सर्वांत मोठा वाटा अशाच विमानांचा आहे. कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील रीड-हिलव्ह्यू विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अधिक असल्याचे २०२१ च्या पाहणीत आढळले, आणि जानेवारी २०२२ पासून काउंटीने तेथे शिसेयुक्त इंधनाची विक्री बंद केली. ५१ डॉलरच्या पेट्रोलात त्या मुलांच्या रक्ताचा आकडा कोठे मांडला होता?

ट्रॅक्टरकडे वळताना एक अडचण लपवणार नाही. पाच भागीदारांना विमान रविवारीच हवे असते. त्यासाठी पाळी ठरवतात, लेखी करार करतात, आणि तरी भांडतात. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की साऱ्या गावाला ट्रॅक्टर त्याच आठ दिवसांत हवा असतो. त्या आठ दिवसांत रांगेत मागे राहिलेल्याची पेरणी उशिरा होते, आणि त्याचे नुकसान ताशी दरात दिसत नाही. सोसायटीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचे उत्तर तयार ठेवावे. माझ्यापाशी ते पूर्ण नाही.

तेव्हा पुढील बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातील एका ट्रॅक्टरचे वर्षाचे तास, कर्जाचा हप्ता, विमा आणि डिझेल वहीत उतरवून आणावे. तास मालकाला विचारू नका, मीटरवरून घ्या. आणि पेरणीच्या आठवड्यातले तास वेगळे लिहा.