अर्थतज्ज्ञ ते अर्थमंत्री : डॉ. मनमोहन सिंग
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



लोकमान्यांनी या उत्सवाला व्याख्यानांची जोड दिली. त्याच परंपरेच्या भरवशावर आज अर्थकारणासारखा रुक्ष विषय बाप्पापुढे मांडण्याचे धाडस करतो आहे. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरीनिमित्त महाराष्ट्र सोडून इथे आलो. फाईलवर शेरा लिहिणारा वेगळा आणि शेवटची सही करणारा वेगळा, हे आपल्याला कुणी सांगायला नको. डॉ. मनमोहन सिंग यांनी जवळजवळ वीस वर्षे शेरे लिहिले आणि एके दिवशी सही त्यांनाच करावी लागली. त्या दिवसापर्यंतचा आणि त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो.

त्यांचा जन्म १९३२ सालचा, आज पाकिस्तानात असलेल्या गाह या खेड्यातला. फाळणीत घर सुटले. पुढे पंजाब विद्यापीठ, केंब्रिज आणि ऑक्सफर्ड. १९६२ साली ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता भारताची निर्यात. निर्यातीबद्दलचे सरकारी नैराश्य त्यांना पटत नव्हते. त्यानंतर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापन, १९७२ पासून मुख्य आर्थिक सल्लागार, १९७६ पासून अर्थसचिव, १९८२ ते १९८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. एवढ्या खुर्च्या एकाच माणसाने क्वचितच भूषवल्या असतील. पण या सगळ्या सल्ला देण्याच्या किंवा धोरण राबवण्याच्या खुर्च्या होत्या. लोकांच्या रोषाला तोंड द्यायचे ते मंत्र्यांनी.

जून १९९१ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पंतप्रधान नरसिंह राव यांचा निरोप आला आणि २१ जूनला त्यांनी अर्थमंत्रिपदाची शपथ घेतली. तेव्हा ते संसदेच्या कुठल्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. आसाममधून राज्यसभेवर गेले ते ऑक्टोबरमध्ये. रावसाहेब मात्र मराठी माणसाला परके नव्हते. रामटेकमधून ते दोनदा लोकसभेवर निवडून गेले होते आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. डॉ. सिंग यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, रावांनी त्यांना आरंभीच बजावले होते : जमले तर श्रेय सगळ्यांचे, नाही जमले तर तुम्हाला जावे लागेल.

परिस्थिती काय होती? १९९० साली आखातात युद्धाचे ढग आले, तेल महागले, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढेच उरले. आधीच्या सरकारने २० टन सोने परदेशी धाडले होते. जुलैत रिझर्व्ह बँकेचे आणखी ४७ टन सोने तारण म्हणून विमानाने लंडनला गेले. अडीनडीला घरातले सोने गहाण टाकणे ही आपल्याकडे केवढी जिव्हारी लागणारी गोष्ट! इथे तर देशाचीच ती पाळी आली होती.

१ जुलैला रुपयाचे मूल्य सुमारे ९ टक्क्यांनी उतरवले गेले, ३ जुलैला आणखी सुमारे ११ टक्क्यांनी. दुसरी पायरी थांबवावी असे पंतप्रधानांना वाटू लागले. अर्थमंत्र्यांनी सकाळी रिझर्व्ह बँकेत डॉ. रंगराजन यांना फोन केला, पण तोवर निर्णय अमलात आला होता. २४ जुलैला दुपारी नवे औद्योगिक धोरण आणि संध्याकाळी अर्थसंकल्प. परवान्याची अट १८ उद्योगांपुरती राहिली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पण त्याच अर्थसंकल्पात खताच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव होता. त्यावर स्वपक्षाचेच खासदार खवळले. शेवटी वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान आणि सीमान्त शेतकऱ्यांना ती माफ करावी लागली. माझ्या मते इथेच अर्थतज्ज्ञाचा अर्थमंत्री झाला. हिशेब बरोबर असूनही लोकांना पेलेल तेवढेच ओझे टाकावे लागते, हा धडा ऑक्सफर्डमध्ये मिळत नाही.

१९९२ साली रोखे घोटाळा उघडकीस आला. संसदीय समितीच्या अहवालानंतर, डिसेंबर १९९३ मध्ये, त्यांनी राजीनामा देऊ केला. रावांनी तो स्वीकारला नाही.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तूट आली की सरकार रिझर्व्ह बँकेला हुंड्या देऊन पैसे उचलत असे, म्हणजे व्यवहारात नवा पैसाच निर्माण होई. गव्हर्नर असताना चलनव्यवस्थेच्या अभ्यासासाठी डॉ. सिंग यांनी प्रा. सुखमय चक्रवर्ती यांची समिती नेमली होती. तेच अर्थमंत्री असताना, सप्टेंबर १९९४ मध्ये, ही सवय टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार सरकारने रिझर्व्ह बँकेशी केला. मंत्र्याच्या खुर्चीत बसल्यावर स्वतःच्याच सरकारचा हात बांधून घेणे सोपे नसते.

त्यांच्या धोरणात शेती आणि रोजगार मागे पडले, ही टीका रास्त आहे. त्यावर आजही वाद होतात, ते व्हायलाच हवेत. पण मार्च १९९४ पर्यंत परकीय गंगाजळी १९ अब्ज डॉलरच्या घरात गेली आणि सोने गहाण टाकण्याची वेळ देशावर पुन्हा आली नाही, हेही विसरता येणार नाही.

पुढे दहा वर्षे पंतप्रधानपद भूषवून २६ डिसेंबर २०२४ रोजी ते निवर्तले. संकट आले तेव्हा त्यांना अभ्यास सुरू करावा लागला नाही. तो तीस वर्षे चालूच होता. त्याला रावांसारख्या जाणत्या माणसाचे पाठबळ मिळाले, म्हणून तो देशाच्या कामी आला. आपल्या मंडळातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी २४ जुलै १९९१ चे ते अर्थसंकल्पीय भाषण मुळातून जरूर वाचावे. आपल्या आईवडिलांच्या आयुष्यात काय बदलले, ते त्यातून कळेल.

बुद्धिदात्या गणरायाला वंदन करून मी आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!