सही जुळली, हात जुळला नाही

मंडळी, काउंटरवर असताना आम्ही सहीबरोबर माणूसही बघायचो. सही जुळली पण हात अडखळत असला, की चेक साहेबांकडे. आता ही नजर संगणकाला आली आहे. कळ किती वेळ दाबली, दोन कळांत अंतर किती, माउस कसा फिरतो, सगळं टिपतो तो.

गेल्या वर्षी वीजबिलाच्या नावाने आलेल्या फोनवर विसंबून मी घरच्या कॉम्प्युटरमध्ये परक्याला शिरू दिलं. होय, मीच! पासवर्ड माझा, मशीन माझं, ओटीपीसुद्धा मीच वाचून दाखवला. कागदोपत्री सगळं चोख. पण मी एका बोटाने टाइप करणारा, आकडा तीनदा वाचणारा. आणि इथे माउस झटके देत पळतोय, नवीन नाव जोडून लगेच दोन लाख निघालेत. व्यवहार अडकला. मी वायर उपटली, शाखा गाठली. "पद्धत तुमची वाटली नाही काका, म्हणून अडवलं," असं तिथली मुलगी म्हणाली.

दर वेळी अडेलच असं नाही. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, तडक 1930 लावा.

आमच्या सौ.ना हे आजवर सांगितलं नव्हतं. त्या समोरच बसल्या आहेत.