बाबांच्या केसचा ओनर कोण?

इयरफोन लावलेत ना? आज कोडिंग, इंटरव्ह्यू, पॅकेज यातलं काहीच नाही. आज मला माझ्या बाबांच्या उजव्या हाताबद्दल बोलायचंय.

2019 ची गोष्ट. मी नुकताच बीटेक होऊन नोकरीला लागलो होतो. आमची टीम ग्राहकांच्या तक्रारींचं सॉफ्टवेअर बनवायची. त्यात एक नियम पक्का होता: प्रत्येक तिकिटाला एक ओनर हवाच. ओनर नसेल तर तिकीट सेव्हच व्हायचं नाही. त्याच वर्षी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर बाबांची दोन बोटं गेली.

जखम भरत होती, पण बाकी सगळं अडकलं होतं. डॉक्टर म्हणायचे, "कामाचं कंपनीला विचारा." कंपनी म्हणायची, "आधी पूर्ण फिट होऊन या." अपघाताचा रिपोर्ट, म्हणजे फॉर्म 12, कंपनीने ईएसआयला द्यायचा असतो. तो तसाच पडून होता. बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसायचे, हात टॉवेलखाली झाकून. एका रात्री म्हणाले, "आता कुठंतरी वॉचमनचंच बघावं लागेल." पंचवीस वर्षं प्रेस चालवलेला माणूस!

तेव्हा मला कळलं, आपल्या तिकिटाला ओनरच नाहीये.

मग हॉस्पिटलमध्ये एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई भेटल्या. त्यांचा पहिला प्रश्न दुखण्याबद्दल नव्हताच. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं काम नेमकं काय? करून दाखवा बरं." बाबांनी हवेतच शीट उचलली, सरकवली, बटणं दाबली. ताई मला म्हणाल्या, "मशीनचा व्हिडिओ मिळेल का रे?" बाबांच्या दोस्ताने तो पाठवला. ताईंनी तो पाहून वहीत लिहून काढलं: किती वजन, तासाला किती वेळा, कुठे चिमूट लागते, कुठे मूठ.

केस मॅनेजमेंट म्हणतात ते हेच. जखमी कामगार, डॉक्टर, कंपनी आणि विमा या चौघांच्या मध्ये एक माणूस उभा राहतो आणि विचारतो: पुढची पायरी काय, कोण करणार, कधीपर्यंत? जर्मनीत तर 2004 पासून कायदाच आहे. वर्षभरात सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्याला कामावर परत येण्याचा प्लॅन बनवू या, असं मालकानेच विचारायचं. आपल्याकडे हे बऱ्याचदा घरच्यांना करावं लागतं. आमच्या घरी ते मी केलं, ताईंना विचारून विचारून.

एक एक्सेल शीट केली. पहिली ओळ: फॉर्म 12. रोज एक फोन, तारीख लिहून. आठव्या फोनला फॉर्म गेला. त्यानंतर पैसे सुरू झाले. ईएसआयमध्ये कामावर अपघात झाला, तर बरं होईपर्यंत सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात. तो लाभ चालू असताना कामावरून काढताही येत नाही. हे बाबांना माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं, बीटेक असून!

पण एक गोम होती. ताईंचा सल्ला होता, आधी हलकं काम, मग हळूहळू वाढवायचं. आता ज्या दिवशी पगार घेऊन काम कराल, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. म्हणजे अर्धा दिवस गेलात आणि कंपनीने अर्धाच पगार दिला, तर घरी बसण्यापेक्षा कमी पैसे! म्हणून कंपनीशी आधी बोलून घेतलं: डॉक्टरांनी फिट लिहून दिल्यावर पहिला महिना इन्स्पेक्शनचं काम, पगार पूर्ण. सुपरवायझर आधी टाळत होते. ताईंची वजन-मापांची यादी समोर ठेवली, तेव्हा त्यांनाच पटलं. गेज धरायला बाबांना जमत होतं, शीट उचलायला नव्हतं. भांडणाचा विषयच उरला नाही.

आणि भीती? तिचा फॉर्म नसतो. ताई म्हणाल्या, "काका, पहिल्या दिवशी कामाला नका जाऊ. नुसते चहाला जाऊन या." बाबा गेले. प्रेसचा धडाका झाला आणि कप सांडला. दुसऱ्या आठवड्यात परत गेले. तेव्हा नाही सांडला.

बाबा परत प्रेसवर गेले नाहीत. आजही इन्स्पेक्शनलाच आहेत. मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवलं आणि त्या हिशोबाने पेन्शन सुरू झाली. दोन बोटं काही परत आली नाहीत. पण सकाळी डबा घेऊन निघणारा माणूस परत आला.

तुमच्या घरी, शेजारी असं कुणी असेल, तर आजच चार गोष्टी लिहून काढा. अपघाताचा रिपोर्ट गेला का? त्याच्या कामात हाताला-पायाला नेमकं काय करावं लागतं? आज त्यातलं काय जमतंय? आणि कंपनीत कुणाशी बोलायचं? मग त्या कागदावर सगळ्यात वर एक नाव लिहा. ओनरचं. बहुतेक ते तुमचंच असेल.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, मशीनवर काम करणाऱ्या कुणाला तरी हा भाग नक्की ऐकवा.